मार्चची घाई सुरू व्हायच्या आधी हे वाच

अरे, तू सरकारी ऑफिसात अकाउंट्सला नवीन लागलायस म्हणून आत्ताच सांगतो, मार्च बघून गोंधळून जाऊ नको. मी पणजीत 20 वर्षं हेच काम करतोय. वर्षभर फाईल हलत नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोटेशन, ऑर्डर, बिल सगळं धडाधड, कारण 31 मार्चला न खर्चलेली ग्रँट, म्हणजे वर्षासाठी मंजूर झालेले पैसे, लॅप्स होते, हातातून जाते, आणि साहेबांना भीती अशी की यंदा पैसे उरले तर पुढच्या वर्षी बजेट कापणार. म्हणजे वाचवणाऱ्यालाच शिक्षा, असा हिशोब झालाय. एका ऑफिसात चांगल्या खुर्च्या असताना नवीन 40 आल्या आणि जूनमध्ये छप्पर गळून रेकॉर्ड भिजलं, कारण रिपेरीचं हेड (खर्चाचं खातं) वेगळं आणि एस्टिमेट कोणी वेळेत केलंच नव्हतं. मला अजून राग येतो त्याचा. लोकांचे पैसे आहेत रे ते!

केंद्राच्या जीएफआर 2017 चा, म्हणजे सरकारी पैशाच्या सामान्य वित्तीय नियमांचा, नियम 62 वाच, त्यात स्पष्ट आहे की शेवटच्या महिन्यांतली खर्चाची घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग, आणि बचत दिसली की लगेच सरेंडर करायची, म्हणजे सरकारला परत द्यायची, वर्ष संपायची वाट बघायची नाही. मग तू काय करायचं? गणपतीनंतर लगेच हेडवाईज खर्च काढून बस, काय उरणार ते रिवाइज्ड एस्टिमेटच्या (खर्चाच्या सुधारित अंदाजाच्या) आधी लेखी कळव. माल आला नसेल तर बिलावर ‘माल मिळाला’ अजिबात लिहू नको, साहेब कितीही गोड बोलले तरी. ऑडिटवाले स्टॉक रजिस्टरच मागतात आधी, आणि सही तुझी असते.