वाचक विचारतात : कोयनेचं लेक टॅपिंग

प्रश्न : कोयना धरणाचा शिवसागर जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाला भोक पाडलं, म्हणजेच लेक टॅपिंग केलं, ते कसं?

उत्तर : वरून नव्हे, खालून! बोगदा तळाकडे खणत न्यायचा आणि शेवटचे काही मीटर खडक बुचासारखा ठेवायचा. त्याखाली मोठा खड्डा घेतात. फुटलेले दगड त्यात अडकले नाहीत, तर पाण्याबरोबर धावून दरवाज्यांची पार वाट लावतात. सुरुंग ठासायचे, पुढचे दरवाजे बंद करायचे, माणसं बाहेर काढायची आणि मगच बूच उडवायचं. पहिलं टॅपिंग १३ मार्च १९९९ला झालं, दुसरं २५ एप्रिल २०१२ला. जलाशयाची पातळी उतरली तरी कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यातल्या एकूण १००० मेगावॉटच्या जनित्रांना पाणी मिळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. वीज झाली की कृष्णा खोऱ्यातलं हे पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरतं.