फायनान्समध्ये नोकरी चालू ठेवून सीएची आर्टिकलशिप करता येते का?

नाही येत. आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखाली करायचं प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग, आणि ते चालू असताना दुसरीकडे पगारी नोकरी सीए इन्स्टिट्यूटच्या नियमात बसत नाही, साधा दुसरा कोर्स करायचा तरी फॉर्म ११२ भरून परवानगी घ्यावी लागते. हे तुम्हालाही माहीत असणार. तुम्ही लिहिलंय की सीए इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप निघालेत, कर्ज देणाऱ्या कंपनीत क्रेडिटला, म्हणजे कर्जाचे अर्ज तपासायच्या कामावर आहात, पगार सोडवत नाही आणि ओळखीचे एक सीए "नावापुरतं रजिस्टर करून घेतो" म्हणतायत. तुमचा खरा प्रश्न हा शेवटचा आहे आणि म्हणूनच मी लिहायला बसलोय.

मीही क्रेडिटलाच होतो. माझ्या आतेभावाने स्वतः डमी, म्हणजे अशीच नावापुरती आर्टिकलशिप केली होती, आणि घरात कुठलंही कार्य असो, मला कोपऱ्यात घेऊन तेच, नोकरी सोडू नकोस, कागदावर दाखव, परीक्षा तर पुस्तकातूनच द्यायची असते ना. मी नोकरी सोडली. घरच्यांना पटलं नव्हतं, स्टायपेंडचा आकडा ऐकून आई दोन दिवस नीट बोलली नाही.

फर्ममध्ये सुरुवातीलाच एका छोट्या कारखान्याच्या ऑडिटला गेलो, रिपेअरिंग खर्चाचं व्हाउचिंग, म्हणजे नोंदी बिलांशी ताडून बघणं, माझ्याकडे. फाइल एकदम नेटकी, बिलं तारखेनुसार लावलेली, शिक्के, सह्या, बेरजा सगळं बरोबर. एकाच वर्कशॉपचं एक बिल एप्रिलचं, एक ऑगस्टचं, एक जानेवारीचं. मी टिक मारत पुढे चाललो होतो, तर शेजारी बसलेली सीनियर म्हणाली, तारखा सोड, बिल नंबर वाच. नंबर सलग होते! एप्रिल ते जानेवारी त्या वर्कशॉपने दुसऱ्या एकाही गिऱ्हाइकाला बिल दिलं नाही असं कसं होईल, म्हणजे एका बैठकीत फाडलेली बिलं. अकाउंटंटला विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, साहेबांनी मार्चअखेर आणून दिली.

आता हे क्रेडिटच्या टेबलावरून बघा. तिथे मी ऑडिटेड बॅलन्सशीट हातात घेऊन रेशो काढायचो, तो आकडा आला कुठून हे विचारायची वेळच यायची नाही, आणि रिपेअरिंगची एक ओळ दिसते तिच्यामागे काय काय असतं ते कुठल्या पुस्तकात नाही, क्लायंटच्या ऑफिसात बसूनच कळतं. आतेभाऊ सीए झाला, हुशार आहे, पण आजही ऑडिट फाइल समोर आली की ज्युनियरकडे सरकवतो. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

शिवाय डमी उघडी पडली तर तुमचा ट्रेनिंगचा काळ बाद होऊ शकतो आणि त्या सीएंवरही कारवाई होऊ शकते, ते वेगळंच. आणि तीन वर्षं जातात म्हणून घाबरत असाल तर जुलै २०२३ पासूनच्या नव्या स्कीममध्ये दोनच वर्षं आहेत, कंपनीतलं काम सुटेल ही काळजी असेल तर शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिने इंडस्ट्रियल ट्रेनिंग, म्हणजे फर्मऐवजी कंपनीत ट्रेनिंग, घेता येतं.

हां, घर तुमच्याच पगारावर चालत असेल, कर्जाचे हप्ते असतील, तर मी नोकरी सोडा म्हणणार नाही, माझ्यावर तेव्हा ती जबाबदारी नव्हती. मग सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) बघा, तिथे १५ महिन्यांच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगला अकाउंट्स-फायनान्सची नोकरी धरली जाते, किंवा एसीसीए (ब्रिटनमधल्या संस्थेची अकाउंटन्सीची पदवी), तिथे ३६ महिन्यांचा अनुभव लागतो आणि तो योग्य सुपरवायझरच्या हाताखाली नोकरी करत पुरा करता येतो. दोन्ही सरळ रस्ते आहेत. फक्त एक, भारतात कंपनीच्या आर्थिक हिशेबांच्या ऑडिट रिपोर्टवर सही करायची इच्छा असेल तर सीएच लागेल.

त्या ओळखीच्या सीएंना मात्र नाही कळवून टाका. आणि फर्म शोधायला लागलात तर इंटरव्ह्यूला स्टायपेंडच्या आधी हे विचारा की आर्टिकलला क्लायंटकडे ऑडिटला पाठवता का, की वर्षभर ऑफिसात रिटर्न भरायला बसवता. गोलमोल उत्तर आलं तर दुसरी फर्म बघा, ओळखीतली असली तरी.