क्रोमच्या टाकीवर १७ वर्षं: स्टॅम्पपेपरवर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ५० वर्षांचे, नाशिकला अंबडच्या प्लेटिंग शॉपमध्ये (धातूवर क्रोमचा मुलामा चढवतात तिथे) ठेकेदाराकडून १७ वर्षं. दीड वर्षापूर्वी दम लागतो म्हणून काम सोडलं. आता डॉक्टरांनी नाकाच्या पडद्याला भोक पडल्याचं सांगितलंय, आणि शेठ म्हणतो, ५० हजार घ्या, स्टॅम्पपेपरवर सही द्या, विषय संपला. सही करावी का, असं विचारलंत. करू नका.

मी स्वतः नाशिकलाच सातपूरला ११ वर्षं हार्ड क्रोमच्या टाकीवर होतो. जॉब, म्हणजे मुलामा द्यायचा भाग, टाकीत सोडून रेक्टिफायर (टाकीला वीज देणारं यंत्र) चालू केला की बुडबुडे उकळल्यासारखे वर येतात, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना क्रोमिक ॲसिडचं धुकं उडवतो. एक्झॉस्ट चालू असला तर ठीक, आमचा महिन्यातले पंधरा दिवस बंदच. पहिली दोन वर्षं नाकातून रक्ताच्या खपल्या निघायच्या. मग ते थांबलं, मला वाटलं सवय झाली. एका रात्री बायको म्हणाली, अहो, झोपेत तुमच्या नाकातून शिट्टी वाजते. तेव्हा कळलं की पडदा आरपार गेलाय. पडदा फुटला की दुखत नाही, म्हणूनच माणूस डॉक्टरकडे जात नाही.

माझा दावा अडला तो केसपेपरवरच्या एका ओळीवर. ओपीडीत शिकाऊ डॉक्टरने विचारलं, तंबाखू खाता? म्हटलं, हो. त्याने ते लिहून घेतलं. काम काय करता, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुढे कंपनीच्या वकिलाने तीच ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ती खोडायला मला दीड वर्ष आणि कान-नाक-घशाच्या दुसऱ्या डॉक्टरची साक्ष लागली. तेव्हा पुढच्या तपासणीला तुम्ही वडिलांसोबत जा आणि केसपेपरवर ‘क्रोम प्लेटिंगचे काम, १७ वर्षे’ असं लिहूनच घ्या. दुर्बिणीने नाकाची तपासणी आणि फुफ्फुसाची फुंकायची चाचणी, दोन्हीचे रिपोर्ट ठेवा. लघवीतल्या क्रोमियमच्या चाचणीवर आता पैसे घालवू नका. तिच्यात अलीकडचा संपर्क दिसतो. काम सोडून दीड वर्ष झाल्यावर ती नॉर्मल येईल आणि उलट तुमच्याविरुद्ध वापरली जाईल.

आता कायद्याचं. आधी एकच गोष्ट शोधा: पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता का? (पगार २१,००० पर्यंत असेल तर कापायला हवाच होता.) कापला जात असेल तर दार ईएसआयचं. तिथे वैद्यकीय मंडळ बसतं, कमाईची किती क्षमता गेली ते ठरवतं आणि त्याप्रमाणे दरमहा रक्कम मिळते. मग मालकावर वेगळा नुकसानभरपाईचा दावा चालत नाही, त्यात वेळ घालवू नका. ईएसआय नसेल तर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. वडिलांचं प्रकरण त्याआधी सुरू झालेलं, म्हणून मी जुनी कलमं सांगतोय. अर्ज कुठल्या नावाने करायचा ते वकिलाला विचारा.

त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी आहे. क्रोमियमचे आजार ‘ब’ भागात येतात. त्या कामावर सलग ६ महिने काढले असतील, तर आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो आणि तसं नाही हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात पडतं. बऱ्याच वकिलांनाही हे पटकन आठवत नाही, कारण त्यांच्याकडे येतात ते प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेले.

वडिलांच्या बाजूने एवढं असताना ५० हजार कसले? माणूस कायमचा पूर्ण अक्षम ठरला तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक (कायद्याच्या तक्त्यात प्रत्येक वयासाठी दिलेला आकडा). पगार कितीही असो, हिशेबाला २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० धरायचे. म्हणजे ९,००० गुणिले ५० व्या वर्षाचा १५३.०९, होतात १३,७७,८१०. क्षमता ४० टक्केच गेली असं ठरलं तरी साडेपाच लाखांच्या वर. शिवाय थकवलं तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. इथे एक मेख आहे. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी. डावा हात गेलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पूर्ण अक्षम ठरवलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमच्या वकिलाला हा निकाल तोंडपाठ हवा.

दावा करायची मुदत २ वर्षांची. काम सोडल्यावर २ वर्षांत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली त्या दिवसापासून मोजतात. योग्य कारण दिलं तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नका. नाकातून रक्त यायचं म्हणून कधी जुन्या डॉक्टरकडे गेले असतील तर ती चिठ्ठी शोधा. मात्र ती दुधारी आहे: आजार नोकरीतला हे तिने सिद्ध होतं, आणि घड्याळही तेव्हाच सुरू झालं असं समोरचा म्हणू शकतो. वकिलाला आधी दाखवा, मग जोडा.

‘तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा’ हे मालक म्हणणारच. कलम १२ प्रमाणे ज्याच्या शॉपमध्ये ज्याचं काम केलं त्याच्याकडून वसुली मागता येते. पण तिथे काम केलं हे दाखवायला हवं. पीएफचं पासबुक, गेटपास, हजेरी कार्ड, दिवाळी बोनसचं पाकीट, गणपतीत शॉपच्या पाटीसमोर काढलेला फोटोसुद्धा. स्टॅम्पपेपरचं म्हणाल तर कलम १७ मुळे हक्क सोडल्याचा करार रद्दबातलच असतो. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवून घ्यावी लागते. तरी सही करू नका, कारण तो कागद पुढे दाखवून ते तुम्हाला दमात घेतात.

माझ्या प्रकरणात कंपनीने लेखी उत्तर दिलं होतं की आम्ही फक्त निकेलचा मुलामा करतो, क्रोमचा नाही. त्र्यंबक रोडला उद्योग भवनात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आहे. तिथे १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून त्या युनिटचं संमतीपत्र (कारखाना चालवायला मंडळाने दिलेली परवानगी) मागितलं. घातक कचऱ्याच्या रकान्यात क्रोमचा गाळ, वर्षाचा आकडा टाकून. कंपनीच्या वकिलाने तो कागद दोनदा उलटापालटा करून पाहिला. आरोग्य तपासणीच्या नोंदीही मालकाकडे लेखी मागा. धोकादायक कामावरच्या माणसांच्या त्या ठेवाव्याच लागतात. त्या ठेवल्याच नाहीत असं उत्तर आलं, तर तेही आपल्याच कामाचं.

खाली निफाडच्या एका दादांनी द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या गड्याबद्दल विचारलंय. त्यांच्यासाठी थोडक्यात: पगारावर फवारणी करणारा मजूरही याच कायद्यात येतो आणि ऑर्गनोफॉस्फरसची (कीटकनाशकांचा एक प्रकार) विषबाधा ‘अ’ भागात आहे, तिथे ६ महिन्यांची अटच नाही. कारखान्याशेजारी राहणाऱ्यांचा रस्ता वेगळा, पुण्याचं हरित न्यायाधिकरण, मुदत ५ वर्षं.

ताई, वडिलांसोबत त्याच टाकीवर आणखी कोण होतं? माझ्या बाजूने साक्षीला आलेला माणूस जिग (टाकीत सोडायचे जॉब टांगायची चौकट) भरायचा. नोकरी जाईल म्हणून आधी नाही म्हणाला, आणि तारखेला नाकावर रुमाल धरून हजर झाला. भोक त्यालाही होतं. अशा दोन-तीन जणांची नावं वडिलांकडून लिहून घ्या आणि मला व्यक्तिगत संदेशात कळवा. इथे जाहीर टाकू नका, शेठची पोरंही हे वाचतात.