टोपणनावामागचा माणूस शोधायचाय, पण पोट भरेल का?

साताऱ्याच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी एसवायबीएला, इंग्रजी घेऊन, आणि १८व्या शतकातल्या मासिकांत टोपणनावानं लिहिणारे खरे कोण होते हे शोधायचं म्हणते. "याला नोकरी म्हणायचं का?" असं ते विचारतात.

दादा, खरं सांगते, या नावाची जागा जाहिरातीत कधीच निघणार नाही. पण काम अस्सल आहे. लंडनचं जंटलमन्स मॅगझिन बघा, १७३१ ला निघालं, काढणारा एडवर्ड केव्ह स्वतःच 'सिल्व्हेनस अर्बन' नाव लावायचा, आणि पत्रं लिहिणारे कितीतरी जण नुसती आद्याक्षरं टाकायचे. पुढं मासिक निकोल्स घराण्याकडं गेलं, त्यांनी ऑफिसच्या अंकांत लेखाशेजारी हातानं खरी नावं लिहून ठेवली, त्यावरनं जेम्स कुइस्ट या अभ्यासकानं १९८२ ला अख्खी यादी छापली! म्हणजे आधी असा कागद शोधायचा.

कागद नसेल तर मोजणी. १७८७-८८ ला न्यूयॉर्कच्या पेपरांत 'पब्लियस' या टोपणनावानं अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं आलेल्या निबंधांपैकी १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, म्हणजे तिथल्या दोन पुढाऱ्यांपैकी कुणाचे, हा जुना वाद, मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ ला इंग्रजी 'अपॉन'सारखे बारीकसारीक शब्द मोजले, हॅमिल्टन तो सर्रास वापरतो, मॅडिसन जवळजवळ नाहीच, आणि बाराही मॅडिसनकडं झुकले. आपल्यात नाही का, कुणाच्या हातून 'परंतु' येतं, कुणाच्या 'पण'.

ही मोजणी शिकली तर वाट मोकळी होते, म्हणून माझा आग्रह आहे की एमए इंग्रजीच करू दे पण सोबत स्टॅटिस्टिक्स आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आत्तापासून, प्राध्यापकी आणि संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठीच्या नेट-जेआरएफ परीक्षेची तयारी वेळेत, आणि लायब्ररी सायन्सचा पर्याय हाताशी. प्राध्यापकी मिळायला वर्षं जातात, ते लपवत नाही. पण मजकुराचा डेटा हाताळणारी माणसं सॉफ्टवेअर कंपन्यांनाही लागतात.

तिला 'ज्युनियस' या टोपणनावानं लिहिणारा पण वाचायला सांगा. १७६९ ते ७२ लंडनच्या पेपरात राजालाही न सोडणारी त्याची पत्रं, आणि बहुतेक अभ्यासकांचं बोट फिलिप फ्रान्सिसकडं, तोच जो पुढं ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या कौन्सिलात बसला, ज्या कौन्सिलानं राघोबादादानं मुंबईच्या इंग्रजांशी केलेला सुरतेचा तह नाकारला आणि १७७६ चा पुरंदरचा तह झाला.

या सुट्टीत 'पब्लियस'चे ते १२ निबंध नेटवर फुकट मिळतात ते घेऊन तिला स्वतः शब्द मोजू द्या, आणि महिनाभरानं ती अजून त्यातच रमलेली असेल तर मला परत लिहा, मग एमएला कुठं अर्ज करायचा ते बोलू.