टेक्सासमध्ये स्वतःचा पिकअप आणि मोठा ट्रेलर चालवायला सीडीएल लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनबाहेर दहा एकर जागा घेतलीय, त्यासाठी फोर्ड एफ-३५० आणि १४,००० पौंडांचा गूसनेक ट्रेलर (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा) घ्यायचाय. स्वतःचा ट्रॅक्टर न्यायचा-आणायचा, वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीचं सामान वाहायचं आणि जमलंच तर शनिवार-रविवारी लोकांची यंत्रं पोचवून चार पैसे मिळवायचे. सगळं खाजगी, गाडी स्वतःच्या नावावर. मग कमर्शियल ड्रायव्हर लायसन्स, म्हणजे सीडीएल, कशाला?

स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी सीडीएल नको. लोकांच्या यंत्रांसाठी लागू शकतं, आणि ते तुम्ही कुठली एफ-३५० घेता त्यावर ठरेल. गाडी कोणाच्या नावावर आहे याने मात्र काहीच ठरत नाही. मी स्वतः इथेच चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे मागे चार चाकांची एफ-३५० होती, जिला इथे ड्युअली म्हणतात, आणि तुम्ही म्हणताय तसाच गूसनेक. एका मित्राचा स्किड स्टीअर (छोटं लोडर यंत्र) दीडशे मैलांवर पोचवायचा होता. त्याने ३०० डॉलर हातावर ठेवले. वाटेत ट्रूपरने, म्हणजे हायवेवरच्या पोलिसाने, बाजूला घेतलं. त्याने आधी ड्रायव्हरचं दार उघडायला लावलं आणि दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं. मग ट्रेलरच्या पुढच्या टोकाला गेला, तिथल्या पत्र्याच्या पट्टीवरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि वहीत दोन आकडे एकाखाली एक मांडले: १४,००० आणि १४,०००. खाली बेरीज २८,०००. मग विचारलं, "यंत्र कोणाचं? पैसे कोण देतंय?" मी म्हणालो, मित्राचं आहे, डिझेलपुरते दिलेत. तिथून पुढे ती गाडी मला चालवू दिली नाही. सीडीएल असलेला माणूस शोधून आणेपर्यंत चार तास रस्त्याच्या कडेला बसलो. त्याचे पैसे गेले ते वेगळे, दंड वेगळा.

त्या वहीतली बेरीज नीट समजून घ्या, अर्धं उत्तर त्यातच आहे. स्टिकरवरचा आकडा म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ती गाडी स्वतःच्या वजनासकट जास्तीत जास्त किती वजनाची असू शकते हे कंपनीने ठरवलेलं रेटिंग. पिकअप आणि ट्रेलर यांची बेरीज २६,००१ पौंड (सुमारे ११,७९४ किलो) किंवा जास्त, आणि त्यात एकट्या ट्रेलरचं रेटिंग १०,००० पौंडांच्या वर, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या की जोडी क्लास ए मध्ये, म्हणजे मोठ्या जोडगाड्यांच्या लायसन्सच्या वर्गात जाते. एकच गोष्ट जुळली तर जात नाही. २६,००० चा ट्रक आणि मागे १०,००० चा ट्रेलर असेल तर बेरीज ३६,००० होते, तरी क्लास ए नाही, कारण ट्रेलर दहा हजारांच्या वर गेलेला नाही. ट्रेलरच्या दुकानांत ९,९९० पौंड रेटिंगचे इतके ट्रेलर दिसतात ते याचमुळे. ट्रक एकटाच २६,००१ किंवा वरचा असेल तर क्लास बी.

ट्रेलर रिकामा होता, ही सबब चालत नाही. रेटिंग आणि प्रत्यक्ष वजन यांतला जो आकडा मोठा तो धरतात. म्हणजे रिकाम्या ट्रेलरला रेटिंग मोजतात आणि ठासून भरलेल्याला काटा.

उरलेलं अर्धं उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नात, पैसे कोण देतंय. केंद्राचा सीडीएलचा नियम व्यवसायासाठी चालवलेल्या गाडीला लागतो. आपल्या लोकांचा गोंधळ होतो तो इथे. 'माल माझाच आहे, भाडं कोणी देत नाही, म्हणजे खाजगी' असं धरून चालतात. तसं नाही. तुमचा कुंपण घालायचा धंदा असेल आणि ट्रेलरवर तुमच्याच मालकीचं यंत्र आणि तुमचेच खांब असतील, तरी ती फेरी धंद्याचीच. भाडं न घेणारा मालकही नियमात येतो. दारावर 'नॉट फॉर हायर' लिहून घेतात काही जण, त्याने काही बदलत नाही.

उलट बाजूही आहे. घरचा घोडा स्पर्धेला नेला आणि बक्षिसाची रक्कम मिळाली, तर तेवढ्याने तो धंदा होत नाही. ट्रकवाहतुकीच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्राच्या खात्याने, म्हणजे एफएमसीएसएने, हे स्पष्ट केलेलं आहे; फक्त प्रवासाचा आणि घोड्याचा खर्च धंद्याचा म्हणून टॅक्समधून वजा केलेला नसावा आणि कुठल्या कंपनीचं प्रायोजकत्व नसावं. मला ही कसोटी फार उपयोगी वाटते. ट्रेलरचा खर्च टॅक्समध्ये धंद्याचा म्हणून दाखवणार असाल, तर रस्त्यावर तो खाजगी म्हणून सांगता येणार नाही. कुटुंबाच्या सहलीसाठी चालवलेली आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी), कितीही मोठी असो, सीडीएल मागत नाही.

आता एक गोष्ट जी माझ्या ओळखीच्या दहातल्या आठांना माहीत नसते. सीडीएल लागत नाही याचा अर्थ साधं कारचं लायसन्स पुरतं असा नाही. टेक्सासमध्ये जोडी क्लास ए च्या मापाची असेल आणि काम खाजगी असेल, तर नॉन-कमर्शियल क्लास ए लायसन्स काढावं लागतं. त्याची लेखी परीक्षा वेगळी, आणि त्या मापाची जोडी नेऊन चालवून दाखवायची. तुम्ही ड्युअली घेतलीत तर फक्त स्वतःच्या ट्रॅक्टरसाठीही हे लागेल. हे राज्याराज्यात बदलतं. कॅलिफोर्नियात तर बेरीज राहू दे, ट्रेलरच १०,००० च्या वर गेला की साधं क्लास सी, म्हणजे कारचं लायसन्स, पुरत नाही. उद्या तिकडे बदली झाली तर तिथली पुस्तिका आधी वाचा.

शेतकऱ्यांना वेगळी सूट आहे. २०१२ च्या कायद्याने शेताच्या मालकाला, घरच्यांना आणि नोकरांना स्वतःचं पीक, जनावरं, अवजारं नेताना सीडीएल माफ आहे. गाडीवर शेतीची नंबर प्लेट किंवा तशी ओळख हवी, माल धोकादायक नको आणि भाड्याचं काम अजिबात नको. २६,००१ च्या वरच्या जोडीला स्वतःच्या राज्यात कुठेही, राज्याबाहेर शेतापासून १५० एअर-मैलांपर्यंत (म्हणजे सरळ रेषेत मोजलेले). दहा एकरांवर तुम्ही खरंच गवत किंवा शेळ्या विकणार असाल तर हे बघून ठेवा.

मंडळाच्या सामानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या गूसनेकवर नको. संस्था नफ्यासाठी चालत नाही म्हणून ती नियमांतून आपोआप सुटत नाही, आणि खजिनदाराने प्रेमाने डिझेलचे पैसे दिले की माझ्यासारखीच बेरीज मांडली जाते. मखर, सतरंज्या, ढोल-ताशे हे सगळं भाड्याच्या २६ फुटी ट्रकमध्ये बसतं. त्या ट्रकांचं रेटिंग मुद्दाम २६,००० किंवा त्याच्या आत ठेवलेलं असतं, म्हणजे साध्या लायसन्सवर चालवता येतात.

शनिवार-रविवारच्या कमाईबद्दल मात्र नीट विचार करा. तुम्ही एच-१बी वर असाल तर हा प्रश्न लायसन्सचा राहतच नाही. ज्या कंपनीने व्हिसासाठी अर्ज केला तिच्याशिवाय दुसरं कुठलंही पैशाचं काम करता येत नाही, मग ते शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पोचवण्याचं का असेना. दोनशे डॉलरसाठी ग्रीन कार्डाची रांग धोक्यात घालू नका, कळकळीने सांगतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर करा, पण रीतसर. जोडीचं रेटिंग १०,००१ पौंडांपासून पुढे असेल आणि धंदा राज्याबाहेर जात असेल, तर सीडीएल लागो न लागो, यूएसडीओटी नंबर (केंद्राच्या वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) आणि डॉक्टरचं मेडिकल कार्ड लागतं. राज्याबाहेर गेलात तर तुमच्या जोडीला हे लागणारच. शिवाय घरगुती गाडीचा विमा बहुतेक वेळा धंद्याचा अपघात भरत नाही, एजंटकडून लेखी घ्या.

सीडीएल काढायचंच ठरवलंत तर ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा क्लास ए किंवा बी काढणाऱ्याला सरकारी यादीतल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यावं लागतं. शिकाऊ परमिट हातात आल्यावर किमान १४ दिवस थांबायचं, मग परीक्षा. राज्याबाहेर चालवायला वय २१ हवं. परीक्षा एअर ब्रेक नसलेल्या गाडीवर दिली तर लायसन्सवर तशी मर्यादा छापून येते, पुढे मोठा ट्रक चालवायची इच्छा असेल तर शाळेच्याच ट्रकवर द्या. मी त्या चार तासांनंतर हेच केलं.

तुमच्या जागी मी असतो तर ड्युअली घेतली नसती. मागे दोनच चाकांची एफ-३५० समजा ११,५०० रेटिंगची मिळाली, तर १४,००० च्या ट्रेलरसोबत बेरीज २५,५०० होते आणि क्लास ए चा विषयच येत नाही, फक्त भरताना काट्यावर २६,००० च्या आत राहायचं. फोर्ड हीच गाडी १०,००० च्या रेटिंगवरही देते. ब्रोशरमधला आकडा धरू नका, एकाच मॉडेलची स्टिकरं वेगवेगळी असतात. डीलरकडे उभी असलेली नेमकी तीच गाडी उघडायला सांगा, दाराच्या चौकटीचा फोटो काढा, ट्रेलरच्या पट्टीचाही काढा आणि बेरीज करूनच डिपॉझिट भरा.