बॅटरीच्या कारखान्यात लागलास, तर हे ऐक

पेस्टिंगला, म्हणजे बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचा लगदा भरायच्या कामाला लागलास ना, मग आधी कामावर तंबाखू बंद कर. शिशाच्या हातांनी मळलेला तंबाखू ओठात धरलास की विष सरळ पोटात. तोंडाला बांधलेला रुमाल ती बारीक धूळ अडवत नाही, फिल्टरचा मास्क मागून घे. कामाचे कपडे घरी नेऊ नकोस. लहान पोरांच्या अंगात शिसं लवकर भिनतं.

रक्त तपासलं की ‘सगळं नॉर्मल’ एवढ्यावर गप्प बसू नकोस. शिशाचा आकडा लिहिलेला कागद हातात घे, जपून ठेव. शिशाची विषबाधा सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

धूळ बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पंखा फक्त तपासणीच्या दिवशी फिरत असेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार कर. तक्रारदाराचं नाव निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं.