महानगरातील आणि लहान शहरातील जगण्यात खरा फरक कोणता?

गर्दी आणि महागाई सोडली, तर महानगरात आणि लहान शहरात राहण्यात खरा फरक कोणता, असे आपण विचारले आहे. मी पंचविशीपर्यंत लहान शहरात राहिलो आणि त्यानंतर महानगरात. माझ्या मते हा फरक ओळखीचा आहे: घराबाहेर पडल्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यांपैकी किती जण आपल्याला ओळखतात, यावर बाकीचे बरेच काही ठरते.

लहान शहरात असताना एकदा तापामुळे मला सकाळी उठवेना, तेव्हा पेपर दारातच पडलेला पाहून शेजारच्या काकूंनी अकराच्या आत कडी वाजवली. महानगरात अशाच आजारपणात तीन दिवसांचे पेपर दारात साचले, तरी समोरच्या बिऱ्हाडातील कोणी डोकावले नाही. मात्र माझी मुलाखत कुठे झाली आणि ती का फसली, हे त्याच काकूंना माझ्या आईच्याही आधी कळलेले असे.

म्हणून महानगरातील माणूस निष्ठुर असतो, हे मला पटत नाही. दिवसभर मनावर आदळणाऱ्या असंख्य गोष्टींपासून बचाव करण्यासाठी तो अलिप्तता अंगी बाणवतो, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच मांडले होते. खच्चून भरलेल्या बसमध्ये प्रत्येकाची ख्यालीखुशाली विचारू लागलो, तर उतरायचे राहूनच जाईल.

पोटापाण्याचे गणितही संख्येवरच चालते. धंदा टिकायला पुरेसे गिऱ्हाईक लागते; त्यामुळे लहान शहरातील घड्याळजी कुलपेही दुरुस्त करतो आणि चष्म्याच्या दांड्याही बसवतो, तर महानगरात केवळ जुन्या चावीच्या घड्याळांवर एखाद्याचे घर चालू शकते. नोकरी गेली तर महानगरात दुसरी शोधता येते, लहान शहरात बहुधा बिऱ्हाडच हलवावे लागते. शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की एकूण वेतन आणि पेटंटची संख्या दुपटीहून अधिक होते, असे शहरांचा अभ्यास करणाऱ्या बेटनकूर, वेस्ट या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले. पण गंभीर गुन्हेही त्याच रीतीने वाढतात, हेही त्यांच्याच आकडेवारीत आहे. माणसांच्या गाठीभेटी वाढल्या की दोन्ही वाढणारच.

हवेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर डांबर आणि काँक्रीट दिवसभरची उष्णता रात्री सोडत राहतात, त्यामुळे महानगरातील रात्री अधिक उकाड्याच्या असतात.

आपण कोणत्या वयात आणि कशासाठी जागा बदलणार आहात, हे कळल्याशिवाय सल्ला देणे योग्य होणार नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर महानगरात येण्याचे कारण मी सर्वांना नोकरी असे सांगितले. खरे कारण काकूंच्या चौकशा हे होते.